मोकळ्या वावरातली डुकरं

कोसमभाठा, अभनपूरच्या पुढे, जि. रायपूर
१२ जानेवारी २०२५

शारदा आत्यास जय भीम.

मागच्या इतवारी गुढियारीच्या घरी गेली होती. बाबांनी तुमचं पत्र न उघडताच माझ्या हाती दिलं. तुम्हाले आता फोनवर ऐकू येत नाही, तर पत्रानंच बोलू म्हणता, हे मले बरं वाटलं. फोनवर मी दुसऱ्या वाक्याले हिंदीत घसरते. लिहिताना तसं होणार नाही.

तुम्ही विचारलं, “यशवंत म्हणतो तू कृषी खात्यात आहेस, तर पद कोणतं?” आत्या, मी कोणत्याच खात्यात नाही. बियाण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून मले तीन वर्षं झाली. बाबांनी रिटायर झाल्यावर इथं जी जमीन घेतली, तिच्यावर मी शेती करते आणि शेतीत डुकरं पाळते. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं.

तुमच्या डोळ्यापुढे नालीतली डुकरं आली असतील. इथली तशी नाहीत. वावराचे मी तुकडे पाडले आहेत. धान कापून झालं की त्या तुकड्यात डुकरं सोडते. ती नाकानं माती उकरतात, मोथा नावाच्या तणाच्या गाठी काढून खातात, सांडलेला दाणा वेचतात, गोगलगायी खातात. नांगर फिरवल्यासारखी जमीन होते आणि खतही तिथंच पडतं. मग त्यायले पुढच्या तुकड्यात नेते आणि मागं कोंबड्या सोडते. कोंबड्या लेंड्यांतल्या अळ्या टिपतात. जमीन चांगली तापली की तिथं भाजी. एकदा डुकरं फिरली की त्या तुकड्यात वर्षभर परत जाऊ देत नाही, म्हणजे पोटातून पडलेले जंत मातीतच मरतात. युरिया नाही, फवारणी नाही.

सावलीले मोहाची झाडं आहेत. एका कोपऱ्यात चिखलाचा डबरा केला आहे. डुकराले घाम येत नाही, आत्या. चिखल हाच त्याचा पंखा. लोक त्यालेच घाण म्हणतात.

सगळ्यात मोठ्या मादीचं नाव दुलारी. मी हाक मारली की आधी ती येते, मग बाकीची. बाबा अजून एकदाही आले नाहीत. तुम्हाले राग आला असेल तर तसं लिहा.

तुमची
रुचिता

---

तुमसर
२ फेब्रुवारी २०२५

चि. रुचितास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

तुझा बाप माझ्याशी खोटं बोलला, याचं मला नवल वाटत नाही. कारण तुला ठाऊक नसेल. गावात आमची वस्ती नाल्याच्या अंगाला होती. साऱ्या गावची डुकरं दिवसभर आमच्याच दाराशी. आमच्या घरात कोणी कधी डुक्कर पाळलं नाही, पण यशवंत वर्गात शिरला की पोरं नाकाला रुमाल लावून म्हणत, “डुक्कर आलं.” गावच्या ज्या रस्त्यानं आम्हाला चपला घालून जाता येत नसे, त्या रस्त्यावर डुकरं खुशाल लोळत. तो रायपूरला रेल्वेच्या वॅगन कारखान्यात लागला तो पोटासाठी तर खराच, पण त्याहून जास्त ते नाव मागं टाकण्यासाठी. आणि आता त्याच्याच जमिनीवर त्याची एम.एस्सी. झालेली लेक डुकरं राखते. विहारात चार माणसांनी विचारलं तर तो काय सांगणार?

एवढं लिहून मी मोकळी झाले. आता शिक्षकाची खोड म्हणून विचारते. आमच्याकडे डुकरानं उकरू नये म्हणून त्याच्या नाकात तारेची कडी घालत. तू घालतेस का? आणि ज्याला नाव ठेवतेस, त्याला विकताना तुला काय वाटतं? याचं उत्तर सजवून लिहू नको.

शारदा आत्या

---

कोसमभाठा
१८ मार्च २०२५

आत्यास जय भीम.

बाबांचं ते मले माहीत नव्हतं. घरात “डुक्कर” हा शब्द निघाला की ते उठून बाहेर जात, एवढंच पाहिलं होतं. मले वाटे घाणीचा राग आहे.

कडी घालत नाही. उकरणं हेच त्याचं काम. कडी घातली तर डुक्कर नुसतं उभं राहून खाणारं जनावर होतं, आणि माझी जमीनही तशीच पडून राहते.

विकताना काय वाटतं? विकायच्या पिल्लांना नावं ठेवत नाही, फक्त माद्यांना ठेवते. रायपूरहून गिऱ्हाईक येतं, बरेचसे जशपूरकडचे ख्रिस्ती लोक. गाडी गेली की मी जेवत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. जेवते. पण त्या जनावरानं ऊन पाहिलं, सावली पाहिली, आईच्या मागं वावरभर फिरलं. तेवढं देणं माझ्याकडं होतं, ते मी दिलं असं समजते.

दुलारी व्याली. आदल्या दिवशी ती तोंडात तनस, धानाचा पेंढा, धरून मोहाच्या बुडाशी नेत होती. नेई, पसरवी, पायानं दाबे, परत येई. मी तिच्यासाठी बांधलेल्या खोपटात तिनं डोकावूनही पाहिलं नाही. पिल्लं सगळी जगली.

माझ्या वावराच्या बांधाले, धुऱ्याले धुरा लागून नरहरीचं घर आहे. नवरा-बायको दोघंच, बायकोचं नाव मीराबाई. व्यायच्या दिवशी दोघंही कुंपणाशी बसून होते. नंतर त्यायनं माझ्याकडून आधीच्या वेतातली दोन पिल्लं नेली. त्यायच्याकडे मोकळी जागा नाही, म्हणून घरामागं विटांची कोठी बांधली. मी म्हटलं, माझ्या वावरात सोड. तर नरहरी म्हणाला, “दीदी, आपके खेत में रहेंगे तो लोग आपके ही बोलेंगे।” त्याचंही खरं आहे. तो हायवेवरच्या एका ढाब्यावर कामाले जातो, येताना तिथलं उरलंसुरलं बादलीत आणून घालतो. त्याची पिल्लं माझ्या पिल्लांपेक्षा लौकर वाढून राहिली, हे तो मले रोज दाखवतो.

रुचिता

---

तुमसर
११ एप्रिल २०२५

चि. रुचितास,

दुलारीचं बाळंतपण शेजारच्या श्रावणीला वाचून दाखवलं. ती नर्स आहे. म्हणाली, “बाई, आमच्या वॉर्डात एवढी शहाणी पेशंट येत नाही.” बऱ्याच दिवसांनी हसले.

यशवंतला लिहिलं की एकदा जाऊन बघ. उत्तर आलं नाही. येईल असं वाटतही नाही.

उत्तर सजवलं नाहीस, हे आवडलं.

शारदा आत्या

---

कोसमभाठा
२२ जून २०२५

आत्यास जय भीम.

उत्तराले उशीर झाला. इथं डुकरांच्या एका रोगाची बातमी आहे. आफ्रिकन स्वाइन फीवर म्हणतात. आपल्या जिल्ह्यात नाही, दुसरीकडं निघाला आहे. माणसाले होत नाही. डुकराले मात्र झाला की ताप चढतो, खाणं सुटतं, कान आणि पोट निळं पडतं, आणि थोड्याच दिवसांत बहुतेक सगळी मरतात. औषध नाही. उष्ट्यातल्या मांसातून पसरतो, गाडीच्या चाकातून, जोड्याच्या तळव्यातूनही.

मी विक्री बंद केली. फाटकाशी चुना टाकला. बाहेरचा कोणी आत येत नाही, वावरातले बूट वेगळे ठेवले. मोकळ्यावर पाळण्याची हीच अडचण आहे. कोठीले दार लावता येते, वावराले किती लावणार?

नरहरीले सांगितलं, ढाब्याचं आणू नको. आणायचंच असेल तर खळखळ उकळून घाल. “हव दीदी, हव,” म्हणाला. दुसऱ्या दिवशी सायकलले बादली तशीच लटकली होती. मी मीराबाईले सांगितलं. ती म्हणाली, “दीदी, हमारे लिए लकड़ी नहीं है, सुअर के लिए कहाँ से जलाऊँ?”

एक नियम आहे, तो लिहून ठेवते. जिथं रोग निघतो तिथून एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारतात. आजारी असो, नसो. नाहीतर रोग थांबत नाही. नियम बरोबर आहे. मी तो शिकलेली आहे.

रुचिता

---

कोसमभाठा
९ जुलै २०२५

आत्या,

नरहरीचं एक डुक्कर मेलं. मी गेली तेव्हा तो घरामागं खड्डा बुजवत होता. “गरमी से मर गया,” म्हणाला. चार दिवसांपासून पाऊस लागून राहिला आहे.

दुसरं कोपऱ्यात पडून होतं. मी कुंपणाच्या अलीकडूनच पाहिलं. कान निळे होते.

माझी सगळी ठीक आहेत. आज सकाळी दुलारीनं डबऱ्यात बसूनच कोंडा मागितला.

काय करावं लागते ते मले माहीत आहे. तेच त्रास देऊन राहिलं.

रुचिता

---

तुमसर
१४ जुलै २०२५

चि. रुचितास,

तुझं पत्र स्पीडपोस्टनं आलं, लगेच उत्तर लिहिते. मी सांगते ते शांतपणे ऐक.

तू कोणाला काही सांगू नको. तो माणूस स्वतः म्हणतो ना की उन्हानं मेलं, मग उन्हानंच मेलं. निरंजन नावाचा माझा जुना विद्यार्थी टेम्पो चालवतो. त्याच्याशी बोलले. तो रायपूरला माल घेऊन येतोच. परत येताना दुलारीला आणि आणखी दोन माद्यांना घेऊन येईल. माझ्या मागच्या अंगणाला भिंत आहे. कोणी विचारलं तर मी म्हणेन, म्हातारपणी नाद लागला. तुझ्याकडे माणसं आली तर तू सांग, एवढीच होती.

बत्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं. तरीही हे लिहिते आहे. ज्यांच्या जनावरांना काही झालेलं नाही, त्यांनी का भोगावं?

निरंजनला कोणत्या दिवशी पाठवू, ते कळव.

शारदा आत्या

---

कोसमभाठा
१८ जुलै २०२५

आत्या,

टेम्पो पाठवू नका. वरून धडधाकट दिसणारं जनावरही रोग घेऊन येऊ शकते. तुमसरातही कोणाची ना कोणाची डुकरं असतील.

आता तसंही उशीर झाला. पशुसंवर्धन खात्याले खबर गेली आहे. नरहरीकडचे नमुने नेले होते, आज निकाल आला. तोच रोग आहे. माझं वावर एक किलोमीटरच्या आत येते. आत म्हणजे काय, धुराच एक आहे.

सोमवारी येतील.

रुचिता

---

तुमसर
२२ जुलै २०२५

चि. रुचितास,

काल सोमवार होता. मी दिवसभर दारात बसून होते, जणू इथून काही दिसणार होतं.

खबर कोणी दिली? ज्यानं दिली त्याच्या गोठ्यात एकदा तरी असं होवो, म्हणजे त्याला कळेल. दुसऱ्याच्या दावणीकडे बोट दाखवायला काय लागतं? गावागावात अशी माणसं असतात. आमच्याही गावात होती. त्याचं भलं होणार नाही.

तू जेव. दोन ओळी लिही.

शारदा आत्या

---

गुढियारी, रायपूर
२४ जुलै २०२५

ताईस यशवंतचा जय भीम.

मी पत्र लिहून राहिलो याचं तुले नवल वाटेल. रुचिता दोन दिवसांपासून कागद घेते, “आत्या” लिहिते अन् ठेवून देते. म्हणून मी लिहितो. तिले माझ्यासंगं घरी आणलं आहे.

इतवारी तिचा फोन आला. म्हणाली, “बाबा, उद्या डुकरं मारणार आहेत.” एवढंच. या म्हणाली नाही. मी सोमवारी सकाळच्या बसनं गेलो. जागा विचारत विचारत गेलो. जमीन माझी अन् वाट लोकायले विचारली.

ताई, खबर तिनंच दिली होती. हे तिनं तुले लिहिलं नसंल. नरहरीचं डुक्कर मेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्याच्या आंगणात गेली अन् त्याच्यासमोर उभी राहून फोन लावला. लपून लावला नाही. तो खाले बसून हात जोडत होता. म्हणत होता, “दीदी, आपके भी तो मरेंगे।” ती “हव” म्हणाली अन् पत्ता सांगितला. हे मले मीराबाईनं सांगितलं, शिव्या देत देत.

खात्याची माणसं पांढरे कपडे घालून आली. चांगली माणसं होती, कोणावर वरडली नाहीत. नरहरीचं एकच उरलं होतं, कोठीतच पडून होतं. ते झालं लौकर. पण रुचिताची डुकरं मोकळ्यावरची. माणसं दोरी घेऊन आत गेली की ती वावराच्या दुसऱ्या टोकाले. चिखल एवढा की दोघं पडले. पिल्लं किंचाळून राहिली. शेवटी डॉक्टर तिच्यापाशी आला. म्हणाला, “बेटा, आप बुला लो। भागेंगे तो उन्हीं को तकलीफ होगी।”

ती कोंड्याची बादली घेऊन उभी राहिली. मूठभर कोंडा घेई अन् परत बादलीतच टाके.

मी म्हटलं, दे इकडे, तू घरात जा. बादली वाजवली. ती कशी हाक मारते ते विचारलं अन् तशीच मारली. दोनदा, तीनदा मारली. डुकरायनं माना वर केल्या, माझ्याकडे पाहिलं, अन् परत खाले घातल्या. एकही आलं नाही. तीन वर्षांत मी चार वेळा आलो असतो तर एखादं तरी आलं असतं. त्या दिवशी पोरीचं एवढं एक काम मले करता आलं असतं, ते नाही झालं.

मग तिनं माझ्या हातून बादली घेतली. एकदाच हाक मारली. सगळी आली. एक मोठी काळी मादी समोर, तिच्यामागं पिल्लं. तीच दुलारी म्हणे. रुचितानं कोंडा पसरवला. डुकरं खाऊन राहिली होती तेव्हाच डॉक्टरनं एकेकाले सुई दिली. रुचिता प्रत्येकाच्या मानेवर हात ठेवून बसली होती. शेवटच्यापर्यंत उठली नाही.

खड्डा मशीननं खोदला, चुना टाकला, बुजवला. कारखान्यात मी लोकायचे हात तुटलेले पाहिले. तेव्हाही मी घरी येऊन जेवलो. सोमवारी नाही जेवलो.

ते डुकरं घाण नव्हते, ताई. मी जवळून पाहिले.

तुझा
यशवंत

---

तुमसर
३१ जुलै २०२५

चि. रुचितास,

माझं बावीस तारखेचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. नसेल मिळालं तर उघडू नको. ज्याला मी शाप दिला ते माणूस तू निघालीस. यशवंतचं पत्र तुमच्याकडून निघालं तेव्हा माझं वाटेत होतं. मागे बोलावता येत नाही, हा पत्राचा दोष.

चाळीस वर्षांत तुझ्या बापानं मला लिहिलेलं हे पहिलं पत्र. मी ते श्रावणीला वाचून दाखवलं नाही. कोणालाच दाखवलं नाही.

मी टेम्पोचं लिहिलं होतं, ते माझ्या मनातून जात नाही. तू ऐकलं असतंस तर मी इथल्या कोणाकोणाच्या दारात रोग नेऊन ठेवला असता. इथं नाल्याच्या अंगाला अजूनही लोक डुकरं पाळतात. मला त्यांची आठवणसुद्धा आली नव्हती.

उत्तराची घाई नाही.

शारदा आत्या

---

कोसमभाठा
२३ नोव्हेंबर २०२५

आत्यास जय भीम.

तुमचं ते पत्र मिळालं होतं आणि वाचलंही. नरहरीच्या घरी तेच शब्द चालू होते, म्हणून वेगळं काही वाटलं नाही. तुम्ही मनाले लावून घेऊ नका.

मारायच्या आधी माझ्या डुकरांचंही रक्त घेतलं होतं. त्याचा रिपोर्ट पाठवा म्हणून मी मागं लागली होती, तो आला. एकाही जनावरात रोग नव्हता. डॉक्टर म्हणाले, “नहीं पूछतीं तो अच्छा था।” मले तसं वाटत नाही. माझं कुंपण, चुना, वेगळे बूट, हे सगळं बरोबर होतं, एवढं तरी कळलं. पण तो कागद घेऊन मी काय करू, हे समजलं नाही.

धान कापलं. पहिल्यांदाच कापल्यानंतरचं वावर रिकामं आहे. मोथा परत आला. तो हातानं काढायले बाया लावल्या, संध्याकाळपर्यंत एका तुकड्याचा कोपराही झाला नाही. कोंबड्या आहेत, पण उकरलेल्या मातीची सवय लागल्यामुळं टणक जमिनीवर उगीच पाय मारत राहतात.

बाबा आता दर आठवड्याले येतात. पहिल्यांदा आले तेव्हा विचारलं, “तो डबरा बुजवून टाकू काय?” मी नको म्हटलं. त्यायनं परत विचारलं नाही.

नरहरी बोलत नाही. मीराबाई बोअरिंगवर मले पाहून हंडा अर्धाच भरून निघून जाते. गावात बाकीच्यांची डुकरंही गेली, तीही माझ्याच फोनमुळं. सरकारकडून भरपाई आली सगळ्यांले. त्यानं फोन पुसल्या जात नाही.

रुचिता

---

तुमसर
१४ डिसेंबर २०२५

चि. रुचितास,

एकच विचारते. फोन केला नसतास तर कदाचित तुझी जनावरं जगली असती, असं मनात येतं का? आणि परत पाळणार आहेस का?

मागे म्हणाले होते तसंच आताही म्हणते, सजवू नको.

शारदा आत्या

---

कोसमभाठा
३ मे २०२६

आत्यास जय भीम.

तुमच्या पत्राले पाच महिन्यांनी उत्तर देऊन राहिली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: येते. रोज नाही, पण येते. रिपोर्ट चांगला होता म्हणून जास्त येते. मग नरहरीच्या कोठीपासून दुलारीच्या मोहापर्यंत किती अंतर होतं ते आठवते. येते आणि जाते, एवढंच सांगू शकते.

दुसऱ्याचं उत्तर: पाळली. खात्यानं परवानगी दिल्यावर आधी दोनच आणली. ती रिकाम्या वावरात सोडून पाहायची असतात, जमिनीत रोग उरला असेल तर तीच आधी आजारी पडतात. ती चांगली राहिली, म्हणून फेब्रुवारीत तीन माद्या आणि एक नर आणला. बाबांनी बांबूच्या ताट्या बांधल्या. कोंडाही आता तेच टाकतात. विहारातले दोन म्हातारे मार्चमधल्या पौर्णिमेले वावर पाहून गेले. बाबांनी त्यायले चुन्यातून पाय टाकायले लावले, अन् कोणता तुकडा कधी रिकामा ठेवायचा ते समजावलं. अर्धं चुकीचं सांगितलं. मी मधे बोलली नाही.

नरहरीनंही मार्चमधे दोन आणली. कोठीतच ठेवली. माझ्याशी बोलणं नव्हतंच.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो फाटकाबाहेर उभा दिसला. चुन्याच्या अलीकडं पाय टाकला नव्हता. म्हणाला, “दीदी, एक खाना नहीं खा रहा। बदन गरम है।”

मी विचारलं, “कान?”

“देखे। मुझे समझ नहीं आता। डर के मारे लाल ही दिखते हैं।”

“ढाब्याचं?”

“पिछली बार के बाद एक दाना नहीं लाया। कसम से।”

मी म्हटलं, “फोन करावा लागेल.” तो म्हणाला, “इसीलिए तो आया हूँ। नंबर दो।” मी नंबर सांगितला. तो दोनदा चुकला. मी म्हटलं, आण, मी लावते. त्यानं मोबाइल दिला नाही. तिसऱ्यांदा लागला. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं सांगितलं. मागं बाबा कोंड्याची बादली घेऊन उभे होते. त्यायनं बादली खाली ठेवली आणि माझ्या डुकरांकडं पाहत राहिले. मी त्यायच्याकडं पाहिलं नाही.

डॉक्टर आले, नमुने गेले. निकाल येईपर्यंत आम्ही आमच्या कुंपणात आणि नरहरी त्याच्या. ढाब्याचं कामही त्यानं सोडून दिलं होतं तेवढे दिवस. मीराबाई दुरूनच विचारे, “आया क्या?” बोअरिंगवर पहिल्यांदा ती थांबून राहिली. मी माझ्या माद्यांना या वेळी अजून नावं ठेवली नव्हती. बरं झालं, असं त्या दिवसांत वाटलं. मग तसं वाटल्याची लाज वाटली, आणि नावं ठेवून टाकली.

निकाल आला. तो रोग नव्हता. विटांची कोठी, वर पत्रा आणि हे ऊन. डॉक्टर म्हणाले, लू, म्हणजे ऊन लागलं होतं. तोपर्यंत ते जनावर उठून खायलेही लागलं होतं.

मी सांगायले धुऱ्यावर गेली, तर नरहरी तिकडून येतच होता. डॉक्टरांनी त्यालेच आधी कळवलं होतं, खबर त्याची होती म्हणून. तो धुऱ्यावर बसला. मी पण बसली. पलीकडं डुकरं मोथा उकरत होती, त्याचा आवाज येत होता.

मग तो जमिनीकडं पाहत म्हणाला, “दीदी, उस दिन भी फोन मुझे ही लगाना था।”

मी म्हटलं, “हव.”

रुचिता